रुग्णाचा नमुना सगळ्यात शेवटी: संसर्गजन्य आजारांवरच्या पहिल्या पीसीआर प्रोजेक्टचा क्रम

पीसीआर म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती करून तो ओळखण्याची पद्धत. जानेवारी लागला की एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरची मुलं-मुली प्रोजेक्टसाठी येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "मॅडम, सॅम्पल कुठून मिळतील?" नागपूरच्या 'मेडिकल' या सरकारी रुग्णालयात ओळख निघते, 'मेयो' या दुसऱ्या सरकारी रुग्णालयातला एखादा रेसिडेंट मदतीला तयार होतो आणि आठवड्याभरात फ्रीजरमध्ये तीस-चाळीस व्हायल येऊन पडतात. प्रायमर (हवा तोच तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) अजून मागवलेले नसतात, एथिक्सचा अर्ज गेलेला नसतो, पिपेट बरोबर मोजतंय का हे कुणी पाहिलेलं नसतं. एप्रिलमध्ये जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) सगळ्या लेनमध्ये बँड दिसतात, पाण्याच्या लेनमध्ये, म्हणजे जिथे डीएनए घातलेलाच नाही तिथेसुद्धा. तोवर नमुने संपलेले असतात.

चुका बहुतेक कौशल्याच्या नसतात, क्रमाच्या असतात. रुग्णाचा नमुना हा प्रोजेक्टचा शेवटचा घटक आहे. तो पुन्हा मिळत नाही आणि कुणीतरी आजारी असताना सुईची कळ सोसून दिलेला असतो. खालचा क्रम त्या हिशोबाने लावला आहे. उदाहरण क्षयाचं घेतलं आहे, कारण नागपुरात जानेवारी ते मे या काळात विद्यार्थ्याला हाच विषय पेलतो.

## टप्पा १: आजार निवडताना कॅलेंडर बघा

डेंग्यू आणि स्क्रब टायफस हे आपल्याकडे पावसाळ्याचे आणि त्यानंतरच्या काही महिन्यांचे आजार. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसने माणसं दगावली, तेव्हापासून या विषयाकडे विद्यार्थ्यांचा ओढा आहे. ओढा योग्यच आहे. पण फेब्रुवारीत स्क्रब टायफसचे ताजे नमुने शोधत फिरलात तर हाती काही लागणार नाही. हा विषय हवा असेल तर तिसऱ्या सेमिस्टरमध्ये, जुलै-ऑगस्टलाच परवानग्या हातात पाहिजेत.

चांदीपुरा विषाणूचंही तसंच. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला, म्हणून इथल्या मुलांना तो आपला वाटतो. पण तो आरएनए विषाणू आहे. डेंग्यूही आरएनए. म्हणजे आधी आरएनएपासून सीडीएनए (त्याची डीएनए प्रत) करायचा, मग पीसीआर. आरएनए काही मिनिटांत तुटतो, किट महाग पडतात आणि हातात सफाई नसेल तर निकाल निगेटिव्ह का आला हेच कळत नाही. पहिल्या प्रोजेक्टला डीएनए असलेला जंतू घ्या.

प्रश्न एका वाक्यात लिहा. "क्षयाचे मॉलिक्युलर निदान" हा प्रश्न झाला नाही. "फुप्फुसाबाहेरच्या क्षयाचा संशय असलेल्या रुग्णांच्या प्ल्युरल फ्लुइडमध्ये आयएस ६११० वर आधारित पीसीआर, कल्चरच्या तुलनेत किती रुग्ण पकडतो?" हा प्रश्न झाला. यात नमुना कोणता (छातीत साचलेलं पाणी), लक्ष्य कोणतं (आयएस ६११०, क्षयाच्या जंतूच्या डीएनएतला एक तुकडा) आणि तुलना कशाशी (कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं), तिन्ही आलं.

तपासून पाहा: तुलनेची चाचणी तुमच्या मुदतीत बसते का? क्षयाचं द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. मार्चअखेर गोळा केलेल्या नमुन्याचं उत्तर मेमध्ये येईल. म्हणून ज्यांचे कल्चर निकाल आधीच लागले आहेत असे साठवलेले नमुने मिळतात का, ते आधी विचारा.

## टप्पा २: कागद, संमती आणि लस

एथिक्स कमिटीची मंजुरी नमुना घेण्याआधी लागते. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही आणि कुणी देतो म्हणाला तरी घेऊ नका. तुमचं कॉलेज आणि नमुना देणारं रुग्णालय वेगळं असेल तर बहुधा दोन्हीकडे अर्ज करावा लागतो. बैठका ठरावीक तारखांना होतात, एक हुकली की महिना जातो. म्हणून प्रोटोकॉल लिहून झाला की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

"उरलेलाच तर नमुना आहे, संमती कशाला?" हा युक्तिवाद दरवर्षी ऐकते. तपासणी करून उरलेल्या, ओळख पुसलेल्या नमुन्यासाठी संमतीतून सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते. तुम्ही नाही, रेसिडेंट नाही, मीही नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. मुलांच्या नमुन्यांसाठी पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलाची लेखी तयारी घ्यावी लागते.

संमतीपत्र मराठी आणि हिंदी दोन्हींत करा. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यापुढे मराठी कागद ठेवून अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. आणि वाचून दाखवा. "तुमच्या छातीत भरलेल्या पाण्यातलं थोडं पाणी आम्ही अभ्यासाला वापरू, त्यामुळे तुमच्या औषधोपचारात काही बदल होणार नाही, नाही म्हणालात तरी चालेल" एवढं साधं बोललं की लोक नीट ऐकतात आणि नीट ठरवतात.

हिपॅटायटिस बी ची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायची असते. प्रवेश झाल्या झाल्या सुरू केली तरच प्रोजेक्टच्या वेळी तीन डोस पूर्ण होतात.

सावधान: थुंकी, पू, फ्लुइड यांतला क्षयाचा जिवंत जंतू साध्या विद्यार्थी-प्रयोगशाळेत हाताळायचा नाही आणि तिथे त्याचं कल्चर तर मुळीच करायचं नाही. रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबने उष्णतेने निष्क्रिय केलेला किंवा थेट डीएनए काढलेला नमुनाच घ्या, आणि निष्क्रिय केल्याची नोंद लेखी मागा.

## टप्पा ३: जागा वाटा

सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथे बिघडतात, म्हणून इथे जरा थांबते.

क्षयाच्या जंतूचा जीनोम साधारण ४४ लाख बेस पेअरचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचा. त्याच्या १ नॅनोग्रॅम डीएनएमध्ये सुमारे २ लाख जीनोम असतात. रुग्णाच्या फ्लुइडमधून तुमच्या ट्यूबमध्ये येणारे जीनोम कधी कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. आणि पीसीआर पूर्ण झालेल्या एका ट्यूबमध्ये त्याच तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. ती ट्यूब उघडताना झाकणाचा 'टक' आवाज येतो ना, त्या क्षणी न दिसणारे थेंब हवेत उडतात. ते बाहीवर, पिपेटवर, टिपच्या डब्यावर बसतात. दुसऱ्या दिवशी मास्टर मिक्समध्ये (पीसीआरच्या एन्झाइम वगैरेंच्या तयार मिश्रणात) पडतात आणि प्रत्येक नमुना पॉझिटिव्ह येतो.

मी हे स्वतः भोगलं आहे. माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये पाण्याच्या लेनमध्ये सलग तीन आठवडे १२३ बेस पेअरचा, म्हणजे आयएस ६११० च्या पीसीआरचा बँड येत होता. पाणी बदललं, प्रायमर नवे मागवले, मास्टर मिक्सची नवी व्हायल उघडली. बँड हलेना. शेवटी कळलं की संध्याकाळी जेल लोड करायला नेलेलं १० मायक्रोलिटरचं पिपेट सकाळी कुणीतरी नीट पुसून मास्टर मिक्सच्या टेबलावर परत ठेवत होतं. वरून पुसलं होतं, आतल्या दांड्याला प्रॉडक्ट लागलेलंच होतं. ते तीन आठवडे परत मिळाले नाहीत.

म्हणून तीन जागा करा. तीन खोल्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर एकाच खोलीचे दूरचे कोपरे आणि एक छोटी कॅबिनेट:

१. मास्टर मिक्सची जागा. इथे डीएनए येतच नाही. ना नमुना, ना पॉझिटिव्ह कंट्रोल.
२. नमुन्याची जागा. डीएनए काढणे आणि ट्यूबमध्ये घालणे इथे.
३. पीसीआर मशीन आणि जेलची जागा. झालेल्या ट्यूब फक्त इथेच उघडायच्या.

प्रत्येक जागेचं पिपेट, टिप, रॅक, ॲप्रन, ग्लोव्ह्ज, मार्कर वेगळे. रंगीत टेप लावा: हिरवी, पिवळी, लाल. दिवसभराची वाट एकाच दिशेने, हिरव्याकडून लालकडे. लालला जाऊन आलात तर त्या दिवशी हिरव्याला परत जायचं नाही. वही विसरली म्हणूनही नाही. मोबाइल तर हिरव्या जागेत नकोच, जेलचा फोटो त्याच मोबाइलने काढलेला असतो.

एक खास आपल्याकडची गोष्ट. मार्चपासून नागपूरच्या लॅबमध्ये कूलर लागतो. कूलरचा झोत टेबलावरून सगळं उडवत नेतो, शिवाय ओल्या खसमधून बुरशीचे बीजाणू येतात. मास्टर मिक्स करताना कूलर आणि पंखा दोन्ही बंद. घाम येईल, म्हणून हे काम सकाळी आठच्या आत उरका. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४५ च्या घरात जातो तेव्हा दुपारी दोन वाजता एन्झाइमची व्हायल उघडण्यात अर्थ नाही.

पुसायला काय? अल्कोहोलने जंतू मरतात, डीएनए नष्ट होत नाही. ऑटोक्लेव्हनेही पीसीआरचे छोटे तुकडे भरवशाने जात नाहीत आणि यूव्हीचाही अशा तुकड्यांवर भरवसा धरू नका. टेबल पुसायला त्याच दिवशी केलेलं पातळ सोडियम हायपोक्लोराइट वापरा, १०-१५ मिनिटं ठेवा, मग पाण्याने आणि शेवटी ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

सावधान: डीएनए किटच्या लायसिस बफरमध्ये आणि काही वॉश बफरमध्ये ग्वानिडीनचे क्षार असतात. त्यांच्यावर हायपोक्लोराइट पडलं की विषारी वायू निघतो. किटचा टाकाऊ द्रव ब्लीचच्या भांड्यात कधीही ओतू नका. त्यासाठी वेगळी, नाव लिहिलेली बाटली ठेवा.

## टप्पा ४: प्रायमर, पिपेट आणि चार कंट्रोल

आयएस ६११० हा तुकडा क्षयाच्या जंतूच्या जीनोममध्ये अनेकदा येतो, म्हणून चाचणी संवेदनशील होते. पण काही जंतूंमध्ये त्याची एकच प्रत असते, तर भारतातल्या काही जंतूंमध्ये तो नसतोच. शक्य असेल तर एमपीबी ६४ सारखं दुसरं लक्ष्य जोडीला घ्या. प्रायमर स्वतः डिझाइन करायचा मोह आवरा. प्रसिद्ध झालेली, अनेकांनी वापरलेली जोडी घ्या आणि ऑर्डर टाकण्याआधी ब्लास्टमध्ये (जनुकक्रम जुळवून पाहण्याच्या ऑनलाइन साधनात) एकेक अक्षर ताडून पाहा. अक्षर चुकलेले प्रायमर मागवून महिना घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

प्रायमर कोरडे येतात. ट्यूब उघडण्याआधी मिनिटभर स्पिन द्या, कारण तो पांढरट कण झाकणाला चिकटलेला असतो आणि उघडताच उडून जातो. लेबलवर जितके नॅनोमोल असतील त्याच्या दहापट मायक्रोलिटर टीई बफर घातलं की १०० मायक्रोमोलरचा साठा होतो. २४.६ नॅनोमोल असतील तर २४६ मायक्रोलिटर. त्यातले १० घेऊन ९० पाणी घातलं की १० मायक्रोमोलर. याच्या लहान लहान ट्यूब भरून ठेवा, एकच ट्यूब चाळीस वेळा वितळवू नका. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज एन्झाइमसाठी नको, त्याचं तापमान वरखाली होत राहतं.

पिपेट तपासायला महाग उपकरण लागत नाही. ॲनालिटिकल तराजूवर १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा मोजा. प्रत्येक वेळी ०.१ ग्रॅमच्या जवळपास यायला हवं. दहा आकडे एकमेकांपासून लांब पडत असतील तर हात सुधारायचा आहे. सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर पिपेट दुरुस्तीला टाका.

आता कंट्रोल, म्हणजे चाचणी नीट चालली का हे सांगणाऱ्या ट्यूब. हे चार नसतील तर जेल लावू नका.

पाण्याचा कंट्रोल, ज्याला आपण एनटीसी म्हणतो: मास्टर मिक्स आणि नमुन्याऐवजी पाणी. याने रिअ‍ॅक्शनमधली घाण कळते.

एक्स्ट्रॅक्शन ब्लँक: नमुन्याऐवजी पाणी घेऊन डीएनए काढण्याच्या सगळ्या पायऱ्या. किट किंवा हातातली घाण यात दिसते. विद्यार्थी हमखास वगळतात तो हाच.

पॉझिटिव्ह कंट्रोल: एच३७आरव्ही किंवा एच३७आरए या क्षयाच्या जंतूच्या संदर्भ वाणाचा डीएनए. कल्चर मागू नका, डीएनएच मागा. आणि तो जेमतेम बँड येईल इतका पातळ वापरा. ठसठशीत बँड देणारा कंट्रोल दिसायला छान, पण रिअ‍ॅक्शन अर्धी मेली असली तरी तो बँड देतोच आणि तुम्हाला काही कळत नाही. वर लॅबभर पसरण्याचा धोकाही त्याचाच जास्त.

इंटर्नल कंट्रोल: माणसाचं बीटा-ग्लोबिन जीन, प्रचलित प्रायमर जोडीने २६८ बेस पेअरचा बँड देतं. रुग्णाच्या नमुन्यात माणसाच्या पेशी असतातच. बीटा-ग्लोबिनही आलं नाही, याचा अर्थ डीएनए निघाला नाही किंवा रिअ‍ॅक्शन अडली आहे.

## टप्पा ५: नमुन्याविना सराव

आधी फक्त पॉझिटिव्ह डीएनए आणि पाणी. रुग्णालयाकडे बघायचंही नाही. मी याला पाच आठवडे देते.

२५ मायक्रोलिटरच्या रिअ‍ॅक्शनचा हिशोब असा: २एक्स मास्टर मिक्स १२.५, दोन्ही प्रायमर १-१, पाणी ८.५ आणि डीएनए २. नमुने आठ असतील तर पॉझिटिव्ह, ब्लँक आणि एनटीसी धरून अकरा ट्यूब झाल्या. मिश्रण बारासाठी करा, कारण टिपला लागून थोडं जातंच: मास्टर मिक्स १५०, प्रायमर १२ आणि १२, पाणी १०२, एकूण २७६. प्रत्येक ट्यूबमध्ये २३ घाला. बीटा-ग्लोबिनसाठी असाच वेगळा संच. डीएनए अर्धा मायक्रोलिटर घालायचा प्रयत्न करू नका, इतकं कमी कुणालाही सारखं मोजता येत नाही.

पहिली जेल ॲनिलिंग तापमान (ज्याला प्रायमर डीएनएला चिकटतात ते) ठरवण्यासाठी. ग्रेडियंट मशीन असेल तर एकाच रनमध्ये उरकतं, नसेल तर दोन-दोन अंशांनी वाढवत जा. नेमका एकच बँड येतो आणि इतर काही येत नाही असं जे सर्वांत वरचं तापमान, ते तुमचं.

दुसरी पायरी पातळ करत जाण्याची. पॉझिटिव्ह डीएनए दहापट, शंभरपट, हजारपट असा पातळ करा आणि प्रत्येक पायरी तीनदा लावा. तिन्ही वेळा बँड देणारी शेवटची पायरी म्हणजे तुमच्या चाचणीची पोच. ती वहीत लिहून ठेवा, प्रबंधात लागणार आहे. पुढचा पॉझिटिव्ह कंट्रोल याच पायरीच्या एक पाऊल वर ठेवा.

तिसरी पायरी कंटाळवाणी आहे आणि वगळता येत नाही. दहा ट्यूब लावा, दहाही पाण्याच्या. दहाही कोऱ्या आल्या पाहिजेत. नऊ आल्या तर पुढे जायचं नाही, आधी घाण शोधायची.

तपासून पाहा: तीन वेगवेगळ्या दिवशी, तुमच्या स्वतःच्या हाताने, पॉझिटिव्ह पॉझिटिव्ह आणि पाणी निगेटिव्ह आलं का? आलं असेल तरच रुग्णालयाला फोन करा.

## टप्पा ६: नमुना आणणे

रक्त हवं असेल तर जांभळ्या झाकणाची ईडीटीए व्हायल. हिरव्या झाकणाच्या हिपॅरिनने पीसीआर अडतो आणि हिपॅरिन नंतर सहजी काढता येत नाही. फॉर्मेलिनमध्ये टाकलेला टिश्यू नको. नमुना औषधं सुरू होण्याआधीचा की नंतरचा, ही नोंद प्रत्येक व्हायलसाठी हवी. क्षयाची औषधं सुरू झाल्यावर कल्चर निगेटिव्ह येऊ लागतं, पण मेलेल्या जंतूंचा डीएनए पीसीआरला दिसत राहतो. ही नोंद नसली की तुमच्या तक्त्यात 'खोटे पॉझिटिव्ह' उगाच वाढतात.

वाहतूक तीन थरांची: व्हायल, तिच्याभोवती द्रव शोषणारा कापूस आणि घट्ट झाकणाचा डबा, बाहेर टणक पेटी. निष्क्रिय केलेला असला तरीही. मेडिकल चौकातून अमरावती रोडच्या कॅम्पसला येताना एप्रिलमधल्या दुपारी दुचाकीची डिकी भट्टीसारखी तापते, त्यात नमुना ठेवायचा नाही. सकाळी लवकर आणा. सुटा बर्फ नको, गोठवलेले जेल पॅक घ्या. थर्माकोलच्या डब्यात बर्फाचं पाणी होतं, त्यात व्हायल तरंगतात आणि पेनने लिहिलेले नंबर धुऊन जातात. चोवीस व्हायलपैकी नऊ कोऱ्या निघाल्या की ते नऊ रुग्ण अभ्यासातून गेले.

नंबर झाकणावर आणि अंगावर, दोन्हीकडे. रुग्णाचं नाव कुठेच नाही. नाव आणि नंबर जोडणारी यादी गाइडच्या कपाटात, आणि कल्चरचा निकालही तिथेच. जेल वाचेपर्यंत कोणता नमुना पॉझिटिव्ह 'असायला हवा' हे तुम्हाला माहीत नसलं पाहिजे. माहीत असलं की पुसट सावलीतही बँड दिसतो.

## टप्पा ७: डीएनए काढणे

एका वेळी सात नमुने आणि एक ब्लँक, याहून जास्त नको. किटच्या पुस्तिकेप्रमाणे जा. चुका साधारण तीनच ठिकाणी होतात.

नव्या किटमधल्या वॉश बफरमध्ये इथेनॉल घालायचं राहतं. बाटलीवर खूण करायची चौकट छापलेली असते, ती घातल्या क्षणी भरा. शेवटच्या वॉशनंतर कॉलम रिकाम्या ट्यूबमध्ये ठेवून पुन्हा फिरवायचा असतो, तो वगळला की इथेनॉल डीएनएमध्ये उतरतं आणि पीसीआर अडतो. आणि इल्युशन बफर पडद्याच्या मधोमध न पडता भिंतीवरून ओघळतो.

नॅनोड्रॉपवर (डीएनए किती आणि किती शुद्ध ते मोजणाऱ्या यंत्रावर) २६०/२८० चं प्रमाण १.८ च्या आसपास हवं. २६०/२३० फार खाली असेल तर ग्वानिडीन उरलं असण्याची शक्यता. पण आकडा चांगला आला म्हणून हुरळू नका. रुग्णाच्या नमुन्यातला जवळजवळ सगळा डीएनए माणसाचा असतो. जंतू आहे की नाही, हे नॅनोड्रॉप सांगत नाही.

## टप्पा ८: पीसीआर आणि जेलचा दिवस

मास्टर मिक्सची व्हायल बर्फावर वितळवा, हलकेच उलटसुलट करा आणि थोडं स्पिन द्या. न हलवता वरचं वर घेतलं तर पहिल्या ट्यूबा पातळ आणि शेवटच्या दाट होतात. ट्यूब भरण्याचा क्रम: आधी नमुने, मग ब्लँक, मग पॉझिटिव्ह आणि सर्वांत शेवटी एनटीसी. एनटीसीची ट्यूब तोवर उघडी राहू द्या. हवेतून जे पडायचं ते तिच्यात पडेल आणि तुम्हाला कळेल. आधीच झाकण लावलेली एनटीसी स्वच्छ दिसते, पण काही सांगत नाही.

झाकणं अंगठ्याने दाबून तपासा. मशीनचं गरम झाकण नीट बसलं नाही तर कडेच्या ट्यूबमधलं द्रव उडून जातं. मशीनला यूपीएस हवा. मधेच वीज जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं असेल तर तो रन बाद समजा.

१२३ बेस पेअरचा तुकडा लहान आहे, म्हणून आगरोज २ टक्के: ५० मिलिलिटर टीएई बफरमध्ये १ ग्रॅम. १ टक्क्याच्या जेलवर हा बँड आणि खाली साचलेले प्रायमर-डायमर (एकमेकांना चिकटून तयार झालेले प्रायमरचे तुकडे) एकमेकांत मिसळतात. जेलच्या विहिरी (नमुना घालायच्या खाचा) काळ्या टोकाकडे, धाव लालकडे. दर सेंटिमीटरला ५ ते ८ व्होल्ट पुरेत. घाई म्हणून व्होल्टेज वाढवलं की जेल तापते, बँड वाकडे होतात. शंभरचा लॅडर (बँडची लांबी ताडायची पट्टी) आणि कंट्रोल प्रत्येक जेलवर. 'कालच्या जेलवर होते' चालत नाही.

सावधान: इथिडियम ब्रोमाइड (बँड दिसावेत म्हणून घालायचं घातक रंगद्रव्य) उकळत्या आगरोजमध्ये घालू नका, ६० अंशांपर्यंत निवू द्या. त्याचे ग्लोव्ह्ज आणि जेल वेगळ्या डब्यात. जेलच्या हाताने दाराची कडी धरू नका.

## टप्पा ९: जेल वाचणे

आधी कंट्रोल वाचा, मग नमुने. कागदाने नमुन्यांच्या लेन झाकून ठेवा, मी तसंच करायला लावते.

- एनटीसीमध्ये बँड: सगळी जेल बाद. 'पुसट आहे' असं म्हणून वाचवू नका.
- एनटीसी कोरी, ब्लँकमध्ये बँड: त्या दिवशी काढलेला सगळा डीएनए बाद, पुन्हा काढा.
- पॉझिटिव्ह कंट्रोल कोरा: निगेटिव्ह निकाल एकही ग्राह्य नाही.
- कंट्रोल ठीक, नमुन्यात लक्ष्य नाही पण बीटा-ग्लोबिन आहे: निगेटिव्ह.
- दोन्ही नाहीत: हा निगेटिव्ह नव्हे. 'वाचता आला नाही' असं लिहा, डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. रक्तातलं हीम किंवा तत्सम अडथळा असेल तर पातळ केल्यावर बँड उघडतो.

पुसट बँड आला तर तोच डीएनए दुसऱ्या दिवशी दोनदा लावा. तीनपैकी दोनदा आला तर पॉझिटिव्ह, हा नियम सुरुवातीलाच वहीत लिहिलेला हवा. निकाल बघून नियम ठरवायचा नाही.

आणि वॉर्डातून फोन येईल. "काय आलं गं त्या बेड नंबर अमक्याचं?" रेसिडेंट चांगल्या हेतूनेच विचारतो, त्याला रुग्णाची काळजी असते. तरीही आकडा सांगायचा नाही, व्हॉट्सॲपवर जेलचा फोटो तर अजिबात नाही. विद्यार्थी-प्रोजेक्टची चाचणी उपचारासाठी प्रमाणित नाही, आणि चुकीच्या निकालावर कुणाला सहा महिने औषधं लागतील किंवा कुणाची थांबतील. गाइडला सांगा. गरज वाटली तर ते डॉक्टरांना सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या क्षयाच्या प्रमाणित मॉलिक्युलर चाचण्या करून घ्यायला सुचवतील, सरकारी क्षय कार्यक्रमात त्या चाचण्या मोफत होतात.

## टप्पा १०: आकडे

निगेटिव्ह गटात होस्टेलच्या निरोगी मित्रमैत्रिणींचे नमुने घालणं ही फार जुनी चूक. त्यांच्यात जंतू नाही हे आधीच माहीत असतं, म्हणून स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह म्हणण्याचं प्रमाण) १०० टक्के येते आणि तिला काही अर्थ नसतो. तुलनेला हवेत तशीच लक्षणं असलेले, पण दुसरं निदान पक्कं झालेले रुग्ण. छातीत पाणी आहे, कारण कर्करोग किंवा हृदयविकार.

टक्केवारी एकटी लिहू नका. कल्चर पॉझिटिव्ह २० पैकी १८ पकडले तर सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण) ९० टक्के. पण २० हा आकडा लहान आहे, ९५ टक्के विश्वासमर्यादा ६८ ते ९९ पर्यंत पसरते. हे दोन्ही आकडे शेजारी लिहा. व्हायव्हात परीक्षक तेच विचारतात.

फुप्फुसाबाहेरच्या क्षयात कल्चर स्वतःच बऱ्याचदा चुकतं. म्हणून पीसीआर पॉझिटिव्ह, कल्चर निगेटिव्ह असा रुग्ण निघाला की लगेच 'खोटा पॉझिटिव्ह' म्हणू नका. त्याचं क्लिनिकल चित्र, बायोप्सी आणि औषधांना मिळालेला प्रतिसाद गाइडबरोबर बसून पाहा, आणि अशा रुग्णांचा वेगळा परिच्छेद लिहा. 'वाचता आले नाहीत' तेही मोजून लिहा. एकूण नमुन्यांतून ते गुपचूप वजा करणं म्हणजे निकाल सुंदर करणं. लिहायला बसण्याआधी स्टार्ड २०१५ ची, म्हणजे निदान-चाचणीचा अभ्यास कसा लिहावा याची, ३० मुद्द्यांची यादी छापून समोर ठेवा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे प्रबंधाचा पान क्रमांक टाका.

उरलेला डीएनए उणे २० अंशांवर, डब्याच्या झाकणाच्या आत कोणत्या घरात कोणता नंबर याचा नकाशा चिकटवून ठेवा. संमतीपत्रात 'अभ्यासानंतर नष्ट करू' असं लिहिलं असेल तर ठरलेल्या तारखेला नष्ट करा आणि वहीत त्याची नोंद करून गाइडची सही घ्या. नावांची यादी गाइडच्या कपाटातच राहील. तिची प्रत, फोटो, एक्सेल शीट तुमच्या लॅपटॉपवर असेल तर कॅम्पस सोडण्याआधी काढून टाका.